परक्या हातांसाठी घडलेली मान

सोसायटीच्या गणपतीचा पाचवा दिवस. मांडवात शंभरेक खुर्च्या, पुढच्या रांगेत आजी-आजोबा, मागे मोबाइलमध्ये डोकं घातलेली पोरं. माझी इलेक्ट्रिक गिटार गळ्यात, पायाशी पेडल्स. तिसरं गाणं सुरू करणार तेवढ्यात वीज गेली. जनरेटरवाला जेवायला गेलेला. विजेविना इलेक्ट्रिक गिटार म्हणजे डब्यात कोंडलेला डास. पहिल्या रांगेतून एक काकू म्हणाल्या, "अहो, तसंच वाजवा की! आम्ही कान देऊन ऐकतो." तोवर कार्यकर्त्यांपैकी कुणीतरी तिसऱ्या मजल्यावरच्या मुलीची अकूस्टिक गिटार धावत जाऊन आणली होती.

पहिलं कडवं निभावलं. दुसऱ्यात बार कॉर्ड, म्हणजे एका आडव्या बोटाने सगळ्या तारा दाबायची कॉर्ड, आली आणि सहापैकी दोन तारा मुक्या झाल्या. तिसरी तार ओढून स्वर चढवायला गेलो, तर ती भिंतीत ठोकलेल्या खिळ्यासारखी हलेचना. तिसऱ्या गाण्याच्या शेवटी अंगठ्याच्या मुळाशी गोळा आला, आणि दिवे आले तेव्हा टाळ्या माझ्यापेक्षा दिव्यांनाच जास्त पडल्या. बावीस वर्षं वाजवतोय मी. बावीस वर्षं वाजवणाऱ्याला एफ कॉर्ड लागू नये?

घरी येऊन मी जे म्हटलं, ते इलेक्ट्रिकवरून अकूस्टिककडे वळणारा प्रत्येक जण म्हणतो: "नेक जाड आहे."

नेक म्हणजे गिटारची मान. डाव्या हाताचा तळवा तिच्या पाठीवर, बोटं तिच्या छातीवर. वादक तासन् तास वाद्याला धरून असतो तो इथेच. त्यामुळे दुखलं की आळ मानेवरच येतो. माझाही आला. बारीक नेकची नवी अकूस्टिक घ्यायची, असं ठरवूनच मी गिरगावातल्या एका दुरुस्तीवाल्याकडे गेलो. मूळचे गोव्याचे, सगळे त्यांना अंकल म्हणतात. सल्ला त्यांचा आणि पैसे दुकानदाराचे, असा माझा हिशेब. त्या मुलीची गिटारही सोबत घेतली होती, "बघा, अशी नको" असं दाखवायला.

अंकलनी नेककडे पाहिलंच नाही. पाकिटातून जुनी एटीएम कार्डं काढली. एक कार्ड पाऊण मिलिमीटरचं असतं; ०.७६ हे जगभर ठरलेलं माप आहे. फ्रेट म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या; माझ्या इलेक्ट्रिकच्या बाराव्या फ्रेटवर जाड तारेखाली दोन कार्डं सरकवली. बसली. मग त्या मुलीची गिटार घेतली. दोन, तीन, चार. चारही कार्डं तारेखाली गेली आणि वर थोडी फटही उरली. म्हणजे तार फ्रेटपासून तीन मिलिमीटरहून जास्त उंच. या उंचीला गिटारवाले अ‍ॅक्शन म्हणतात. दीड मिलिमीटरची सवय असलेल्या बोटाला दुप्पट खाली जायचं होतं, आणि तेही दुप्पट ताणाच्या तारेवर.

दुप्पट हा शब्द मी सहज वापरलेला नाही. माझ्या इलेक्ट्रिकवर नऊचा सेट असतो. म्हणजे सर्वांत बारीक तार इंचाच्या नऊ हजारांश जाडीची. सहाही तारा सुरात लावल्या की नेकवर मिळून अडतीस किलोच्या आसपास ओढ येते. अकूस्टिकवर बहुतेक दुकानांत बाराचा सेट चढवलेला असतो. तिथे हीच ओढ चौऱ्याहत्तर किलोच्या घरात जाते. एवढ्या वजनाचा एक धडधाकट माणूस त्या लाकडी मानेला दिवसरात्र लोंबकळतोय असं समजा. शिवाय इलेक्ट्रिकवरची तिसरी तार साधी, गुळगुळीत; अकूस्टिकवर तिच्याभोवती ब्राँझची बारीक तार गुंडाळलेली असते. गणपतीत मला हलवता आली नाही ती हीच.

मग नेकचा दोष किती? अंकलनी पट्टी लावली. नटपाशी, म्हणजे खुंट्यांकडच्या टोकाला जिथे तारा खाचांतून जातात तिथे, नेकची रुंदी माझ्या इलेक्ट्रिकवर ४२ मिलिमीटर आणि या गिटारवर ४३. एका मिलिमीटरचा फरक. जाडीतही डोळ्यांना दिसावा असा भेद नव्हता. मी गप्प बसलो.

इथे थोडं मागे जायला हवं, कारण गिटारची मान आजच्या आकाराला आली ती काही गिटारवाल्यांसाठी नव्हे.

ख्रिश्चन फ्रेडरिक मार्टिन हा जर्मनीतल्या मार्कनॉयकिर्शेन गावचा कारागीर. व्हायोलिनवाल्यांचा संघ म्हणे, गिटार बनवायचा हक्क आमचा; सुतारसंघातल्या मार्टिन घराण्यासारख्यांनी ती बनवू नये. या भांडणाला कंटाळून तो १८३३ मध्ये न्यूयॉर्कला गेला आणि पुढे पेनसिल्व्हेनियातल्या नाझरेथला स्थिरावला. त्याच्या नावाची कंपनी आजही तिथेच आहे. तिच्या जुन्या गिटारी आतड्याच्या तारांच्या. नेक नटपाशी पावणेदोन इंचांहून रुंद, आणि बाराव्या फ्रेटला मान संपून पेटी सुरू. त्या काळच्या बैठकीच्या संगीताला बारा फ्रेट पुरत होते.

१९२० च्या दशकात अमेरिकेत बँजोची चलती होती. नाचाच्या वाद्यवृंदांत बँजो, कारण त्याचा आवाज पोचतो. दशक संपता संपता हवा पालटली, वाद्यवृंदांना गिटार हवीशी झाली आणि बँजोवाल्यांवर धंदा सांभाळायची वेळ आली. बँजोची मान लांब आणि अरुंद. तिथे सरावलेल्या हाताला गिटारची आखूड, रुंद मान म्हणजे शिक्षाच. अटलांटाचा पेरी बेक्टेल हा त्या वेळचा नावाजलेला बँजोवादक. त्याने मार्टिन कंपनीकडे लांब मानेची गिटार मागितली. १९२९ मध्ये कंपनीने पेटीचे खांदे आखडले, चौदा फ्रेट मोकळे सोडले, नेक पावणेदोन इंचांवर आणली. ओएम या नावाने ती गिटार बाजारात आली. पाच वर्षांत चौदा फ्रेट हीच रीत झाली. आज दुकानातली जवळपास प्रत्येक अकूस्टिक चौदा फ्रेटची असते. तिच्यावर बोटं ठेवणाऱ्या कुणालाही ठाऊक नसतं, की ही सोय एका बँजोवाल्याची.

माझ्या मते गिटारच्या मानेचा सगळा इतिहास असाच आहे. घरच्या माणसांनी तिला कधी फार नावं ठेवली नाहीत. बाहेरून कुणी आला, त्याचा हात दुखला, आणि मान बदलली.

मान बारीक करायची तर आत काहीतरी हवं, नाहीतर तारांच्या ओढीने ती धनुष्य होते. गिब्सन कंपनीतल्या थॅडियस मॅकह्यूने यावर तोड काढली: नेकच्या आत लोखंडी सळई, तिचा ताण किल्लीने कमी-जास्त करता येतो. तिला ट्रस रॉड म्हणतात. पेटंट १९२३ चं. गंमत अशी, की मार्टिनवाल्यांनी तशी किल्लीची सळई घ्यायला १९८५ उजाडलं. तोवर त्यांच्या नेकमध्ये कधी लोखंडी पट्टी, कधी युद्धकाळातली टंचाई म्हणून आबनुसाची. ज्यांना 'जुन्या मार्टिनची जाडजूड मान' आठवते त्यांना हे कारण ठाऊक असायला हरकत नाही.

दरम्यान कॅलिफोर्नियात लिओ फेंडर नावाच्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्या माणसाने गिटारची पेटीच काढून टाकली. १९५० पासून त्याच्या कारखान्यातून सपाट फळीला चार स्क्रूंनी जोडलेली नेक बाहेर पडू लागली. इलेक्ट्रिक गिटारमध्ये आवाज लोहचुंबकाच्या पिकअपमधून निघतो, लाकूड हलवायची गरज नाही. मग तार जाड कशाला? सुरुवातीला वादक बँजोची बारीक तार पहिल्या जागी लावून भागवायचे. (बघा, पुन्हा बँजो.) १९६२ मध्ये अर्नी बॉल या दुकानदाराने बारीक तारांचे तयार सेट विकायला काढले. बर्मिंगहॅमचा टोनी आयोमी तर पत्र्याच्या कारखान्यात दोन बोटांची टोकं गमावून बसलेला. त्याला जाड तार दाबताच येईना, म्हणून त्यानेही बारीक तारांचा रस्ता धरला आणि ब्लॅक सॅबथ या त्याच्या बँडचा तो गडद आवाज जन्माला आला. दोनेक दशकांत इलेक्ट्रिकवाल्यांची एक वेगळीच जात तयार झाली. मऊ तारा, खाली बसलेली अ‍ॅक्शन, फिंगरबोर्डला गोलाई. जुन्या फेंडरची गोलाई सव्वासात इंच त्रिज्येची, मार्टिनची सोळा इंच, म्हणजे जवळजवळ सपाट. बार कॉर्ड धरताना आडवं बोट या गोलाईवर कसं बसतं, त्यावर मनगटाची सोय-गैरसोय ठरते.

या जातीला अकूस्टिककडे आणायचे प्रयत्न लगेच सुरू झाले. पहिला फेंडरचाच. १९६० च्या दशकात रॉजर रॉसमाइझल या जर्मन कारागिराकडून त्यांनी अकूस्टिक करून घेतली: पेटी अकूस्टिकची, पण नेक स्क्रूने जोडलेली, इलेक्ट्रिकच्याच वळणाची. हाताला घरच्यासारखी, कानाला परक्यासारखी. नेकच्या ओढीला तोंड द्यायला पेटीच्या आत लांबीच्या दिशेने एक नळीच घातलेली होती. दिसायला देखणी, पण आवाजात मार खाल्ला.

दुसरा प्रयत्न जमला. १९७४ मध्ये बॉब टेलर आणि कर्ट लिस्टुग या कॅलिफोर्नियातल्या विशीच्या आसपासच्या पोरांनी एक लहानसं गिटारचं दुकान विकत घेतलं. त्यांच्या गिटारींची नेक सडपातळ, अ‍ॅक्शन खाली, आणि जोड बोल्टचा. जुने लोक नाक मुरडायचे: बोल्ट? गिटारला? पण इलेक्ट्रिकवाला दुकानात येई, भिंतीवरची टेलर काढून हातात घेई आणि मुकाट्याने पैसे मोजी. बोल्टचा खरा फायदा वर्षांनी कळतो. चौऱ्याहत्तर किलोंच्या ओढीने प्रत्येक अकूस्टिकची मान हळूहळू पुढे झुकते. जुन्या, खाचेत बसवून चिकटवलेल्या डव्हटेल सांध्यात सरस वाफेने सोडवून मान नव्याने बसवावी लागते, ते कसबी माणसाचं आणि खर्चिक काम. बोल्टवाल्या गिटारला पाना पुरतो. १९९९ पासून टेलरने सांध्यात घालायच्या बारीक पाचरींची पद्धतच बसवली. पाचर बदलली की मानेचा कोन बदलतो.

मधल्या काळात हवा पुन्हा फिरली होती. १९८९ मध्ये एमटीव्हीवर अनप्लग्ड सुरू झालं आणि इलेक्ट्रिकचे सगळे वाघ एकेक करून लाकडी पेटी मांडीवर घेऊन बसले. जानेवारी १९९२ मध्ये एरिक क्लॅप्टन बसला, १९३९ ची मार्टिन घेऊन. बारकाईने पाहा: ती त्रिपल-झीरो जातीची होती, आणि त्या जातीच्या तारेची लांबी तेव्हा २४.९ इंच. आयुष्यभर ज्यांच्या हातात गिब्सनच्या इलेक्ट्रिक असतात त्यांना पावणेपंचवीस इंचांची सवय असते. तार जेवढी आखूड तेवढी त्याच सुराला ती सैल. १९९३ मध्ये निर्वाणा हा बँड बसला. कर्ट कोबेनच्या हातात मार्टिनची डी-१८ई, म्हणजे कंपनीने १९५० च्या दशकाच्या शेवटी पिकअप ठोकून विकायला काढलेली आणि न खपलेली गिटार. २०२० मध्ये तीच गिटार लिलावात साठ लाख डॉलरला गेली. त्या रात्री त्यांचे सूर अर्ध्या स्वराने उतरवलेले होते. अर्धा स्वर उतरवला की ताण अकरा टक्क्यांनी उतरतो. आमच्या चौऱ्याहत्तरातले आठ किलो गेले.

त्यानंतरचा एक मासला म्हणजे २०१९ ची फेंडर अकूस्टासॉनिक: इलेक्ट्रिक टेलिकास्टरच्या आकारात पोकळ पेटी, वर स्प्रूसची फळी, आणि मान सरळसरळ इलेक्ट्रिकची. मी ती एका दुकानात वीस मिनिटं वाजवली. हाताला काहीच शिकावं लागत नाही. पण तारेखालचं लाकूड पोटाशी थरथरतं ते फारसं जाणवलं नाही, आणि प्लग काढल्यावर गणपतीच्या मांडवात दुसऱ्या रांगेपर्यंतही पोचली नसती.

तर पुन्हा अंकलच्या टेबलावर. नेक निर्दोष ठरली, मग आरोपी कोण? त्यांनी पहिल्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा, लावला आणि म्हणाले, "आता दुसऱ्यावर तीच बार धर." धरली. वाजली! सहाही तारा. ताण तोच, नेक तीच, तारा त्याच. कॅपोने फक्त नटला खेळाबाहेर काढलं होतं. नटच्या खाचा उंच असल्या की पहिल्या फ्रेटशी बोटाला सगळ्यात जास्त जोर लावावा लागतो, आणि नवशिक्याला आपण पहिली शिकवतो ती एफची बार नेमकी तिथेच. तिसऱ्या फ्रेटवर तार दाबायची आणि पहिल्या फ्रेटवर किती फट राहते ते बघायचं. वहीचा कागद जाईल एवढी हवी. या गिटारवर चक्क लग्नाची पत्रिका जात होती. कारखान्यातून गिटार बाहेर पडते तेव्हा खाचा मुद्दाम उंच ठेवलेल्या असतात, कारण खाच खोल करता येते, भरून काढणं कटकटीचं. खोल करायचं काम विकणाऱ्याने करायचं. करतो कोण?

अंकलनी दोऱ्याएवढ्या बारीक कानशीने एकेक खाच उतरवली. दोन घासे, फुंकर, तार लावून बघायची, पुन्हा दोन घासे. मग दुसऱ्या टोकाचं सॅडल काढलं. हाडाची ती पट्टी खालून घासायची असते, वरून नव्हे. वरची गोलाई बिघडते. बाराव्या फ्रेटवर अर्धा मिलिमीटर उतरवायचा तर सॅडल एक मिलिमीटर घासावं लागतं, कारण बारावा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर. ट्रस रॉडला त्यांनी पाव आटा दिला तोही सर्वांत आधी, आणि मला दम भरला, की अ‍ॅक्शन खाली आणायला ही किल्ली फिरवायची नाही. ती फक्त मानेचा बाक ठरवते. इंटरनेटवर बघून किल्ली फिरवणाऱ्यांनी मोडलेल्या दोन माना त्यांनी खुंटीला टांगून ठेवल्या होत्या, खाटकाच्या दुकानात असतात तशा.

मिरजेत सतारमेकरच्या दुकानात जव्हारी काढणं बघत मी एकदा तासभर बसलो होतो. तिथेही घोडी घासायची, तार लावायची, कान द्यायचा, पुन्हा घासायचं. केसाएवढ्या फरकाने तंबोरा बोलू लागतो किंवा मुका होतो. अंकलना हे सांगितलं तर त्यांना मिरज माहीत होती, म्हणाले, "ते लोक आवाजासाठी घासतात, मी बोटासाठी घासतो. पण घासतो दोघं हाडच."

मी म्हटलं, अजून खाली आणा, इलेक्ट्रिकसारखं दोन कार्डांवर. त्यांनी मान हलवली. अकूस्टिकची तार जोराने झुलायला हवी, तिच्या झुलण्यावरच वरची फळी हलते आणि आवाज निघतो. दोन कार्डांवर आणली की जरा जोरात छेडताच तार फ्रेटवर आपटून खरखरते. सॅडल फार उतरलं की तारेचा कोन सपाट होतो, जोर ओसरतो. उंचीची किंमत आवाजात मिळते. आपल्याकडे तर गिटारने शास्त्रीय मैफलीत नाव काढलं तेच मुळी उंच तारांवर: १९६७ च्या 'कॉल ऑफ द व्हॅली' या ध्वनिमुद्रिकेत ब्रिजभूषण काब्रांची गिटार मांडीवर आडवी, तारांवर धातूची कांडी फिरतेय. तिथे बोट फ्रेटपर्यंत जातच नाही, तार जितकी वर तितकी बरी.

आणि बारीक नेकचा माझा हट्ट? त्यावर मात्र मी मत बदललं. बारीक नेक चटकन आवडते, दुकानात पाच मिनिटांत. पण तासभर बार कॉर्ड धरायच्या तर अंगठ्याला टेकायला थोडं मांस लागतं. फार पातळ नेकवर तळवा मिटायला जातो, आणि अंगठ्याच्या मुळाशी तो गोळा उलट लवकर येतो. मोठ्या हाताच्या माणसाने तर जाड नेकला घाबरूच नये. आपल्या हवेत नेकच्या जाडीपेक्षा मला तिचं पॉलिश महत्त्वाचं वाटतं. चकचकीत लॅकरवर घामट तळवा मे महिन्यात चिकटतो, सरकतच नाही. अंकलनी बारीक पॉलिशपेपरने पाठीवरची चकाकी मारली. गिटार तीच, पण हात धावायला लागला.

पावसाळ्याचं वेगळंच. पेटीची वरची फळी अख्ख्या लाकडाची असेल तर ती दमट हवेत पाणी पिऊन फुगते, सॅडल धरून ठेवणारा ब्रिज वर उचलला जातो, तारा उंच होतात. लाकूड पन्नास टक्क्यांच्या आसपासच्या आर्द्रतेला सुखी असतं. जुलैतली मुंबई त्याच्या कितीतरी वर. म्हणजे मेमध्ये तीन कार्डांची गिटार गणपतीत चारची होते. त्या मुलीच्या गिटारीचं निम्मं दुखणं भाद्रपदाचं होतं! विदर्भातल्या उन्हाळ्यात उलट: फळी खचते, तारा फ्रेटवर बसतात, आणि फिंगरबोर्डचं लाकूड आक्रसून फ्रेटची टोकं कडेने बोटाला बोचतात. नागपूरच्या मित्राने मागे तक्रार केली होती, "गिटारला काटे फुटलेत." तेव्हा मी हसलो होतो.

ते आक्रसणारं लाकूड बहुतेकदा आपल्याच सह्याद्रीच्या ओळीतलं, शिसव. पूर्वी भारी गिटारींना ब्राझीलचं रोजवूड लागे. त्याचे ओंडके मिळेनासे झाले तेव्हा, १९६९ मध्ये, मार्टिनने दक्षिण भारतातलं शिसव घेतलं आणि जगाने त्यांच्या मागोमाग. २०१७ मध्ये या जातीच्या लाकडावर आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध आले तेव्हा गिटार घेऊन विमानात बसणारे वादकसुद्धा धास्तावले. २०१९ मध्ये तयार वाद्यांना सूट मिळाली.

नवी गिटार मी घेतली नाही. त्या मुलीची गिटार अंकलनी दीड तासात आटपली. बाराचा सेट काढून अकराचा चढवला, "पोरीची बोटं आहेत, पैलवानाची नव्हेत" म्हणाले. मी ती तिसऱ्या मजल्यावर पोचवली. तिने पहिल्या फ्रेटवर एफ धरली, सहाही तारा वाजल्या, आणि तिने माझ्याकडे संशयाने पाहिलं. दोन वर्षं ती समजत होती की आपली बोटंच कमी पडतात. क्लासही सोडणार होती.

घरी कुणाच्या खोलीत कपाटावर अशी एखादी गिटार धूळ खात पडली असेल, तर विकायच्या आधी बाराव्या फ्रेटवर एटीएम कार्डं सरकवून बघा. जाड तारेखाली तीन जायला हवीत. चौथं गेलं तर आधी दुरुस्तीवाल्याकडे.